दोन फेब्रुवारीची चिकटपट्टी

दि. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला होता. तू स्वतःहून काही कळवणार नाहीस, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. गेटपासून जिन्यापर्यंत काळ्या ऑइलचा ओघळ, त्यात त्यांची नवी चप्पल, आणि तू, वय वर्षं चौसष्ट, गाडीखालून नुसते पाय बाहेर ठेवून पडलेली! त्यांना आधी वाटलं, अपघातच झाला. हसू नकोस ताई.

गाडीचं ऑइल बदलणं हे आपलं काम नव्हे, हे किती वर्षं सांगतोय. तू उत्तम नर्स होतीस, आजही घरोघरी जाऊन लोकांची ड्रेसिंग करतेस, सगळं मान्य. पण गाडी म्हणजे पेशंट नाही. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर मोठं गॅरेज आहे. आमच्या बँकेच्या तिथल्या शाखेतले चौघं गाड्या तिथेच देतात. काचेच्या खोलीत बसायचं, पेपर वाचायचा, तासाभरात किल्ली हातात.

आता कडू बोलतो. बाबांनी गाडी माझ्या नावावर केली होती आणि ती अजून माझ्याच नावावर आहे. पुन्हा तिच्याखाली गेलीस तर मी ती विकून टाकीन. गिऱ्हाईक तयार आहे.

तुझी भावजय म्हणते, इतकं कडक लिहू नका. मी एक अक्षर खोडलेलं नाही. रागावलीस तरी उत्तर पाठव, आणि लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
बापू

---

दि. १० फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा नर्स म्हणून, एकदा बहीण म्हणून. दोन्ही वेळा सारखाच राग आला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहूनच सांगते.

ऑइल सांडलं हे खरं, आणि चूक माझीच. ऑपरेशन थिएटरमध्ये आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर आली की नाही, ते आम्ही मोजून बघायचो. तसंच मी पाने, फडकी, नट, फिल्टर सगळं मोजते. आठ वस्तू आत, आठ बाहेर. पण जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. ती फिल्टरचाच भाग, म्हणून मी कधी वेगळी मोजलीच नव्हती. तिच्यावर नवा फिल्टर आवळला आणि गाडी सुरू केल्याबरोबर सगळं ऑइल अंगणात! त्याच दिवशी पुन्हा सगळं खोललं, नीट बसवलं, आणि ड्रेसिंगवर लावते तशी फिल्टरवर चिकटपट्टी लावून तारीख घातली, २ फेब्रुवारी. भुसा टाकून अंगण घासलं. मास्तरांना नवी चप्पल आणून दिली. वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना स्वतः सांगून आले की चूक कुठे झाली. आता मी नऊ वस्तू मोजते.

आणि गाडीखाली जाते म्हणजे जीव धोक्यात घालते असं समजू नकोस. जॅकला मी हातसुद्धा लावत नाही. बाबांनी केलेल्या लाकडी उतारांवर पुढची चाकं चढवते, मागे विटा लावते, गाडी बंद करून एक कप चहा पिते आणि मगच नट सोडते. ब्रेकचं काम मला येत नाही, ते मी मुकाट्याने गॅरेजात देते. जे येतं ते का सोडू?

नावाचं म्हणशील तर, बाबा एस.टी.च्या डेपोतून घरी येऊन लोकांच्या गाड्यांखाली शिरायचे तेव्हा दिवा कोण धरायचं? बाबांनी हाक मारली की तू पुस्तक घेऊन गच्चीवर पळायचास. उजेड नटावर पाड, माझ्या तोंडावर नको, ही त्यांची ओरड आठ वर्षं मी खाल्ली आणि गाडी झाली तुझ्या नावावर. एकोणीस वर्षं ती मी चालवतेय, मीच सांभाळतेय. तेव्हा तुला कागद आठवले नाहीत.

टेकडीवरच्या आजोबांच्या पायाची जखम रोज सकाळी बघावी लागते. तिथे टॅक्सी यायला तयार नसते. अशी सात घरं आहेत. गाडी गेली की ती सातही घरं गेली, आणि मी खिडकीत बसून मास्तरांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायची. ते मला या जन्मी जमायचं नाही, बापू.

तरी एकदा तुझं ऐकते. सोमवारी जाते त्या काचेच्या खोलीत. आठ दिवसांचं चांगलं ऑइल तुझ्या समाधानासाठी फेकायचं. भावजयीला सांग, तिचं बरोबर होतं. आशीर्वाद आहेतच, ते काही मी विकायला काढलेले नाहीत.

तुझी,
ताई

---

दि. १९ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. आ. वि. वि.

जाऊन आले. खोली खरंच काचेची आहे आणि पेपर परवाचा होता. आत येऊ का विचारलं, तर गिऱ्हाइकांना आत सोडत नाहीत म्हणाले. तासाभराने बिल आलं. नवं ऑइल, नवा फिल्टर, संपूर्ण तपासणी, खाली शिक्का. मालक स्वतः किल्ली घेऊन आले आणि म्हणाले की मॅडम, आता सहा महिने बघायला नको.

मी तिथेच, त्यांच्या फरशीवर, साडी सावरून बसले, पर्समधून बॅटरी काढली आणि गाडीखाली उजेड टाकून बघितलं. फिल्टरवर चिकटपट्टी होती. माझ्या अक्षरात, २ फेब्रुवारी.

मालकांना म्हटलं, जरा खाली वाकून एवढी तारीख वाचून दाखवा. त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. आधी वाकेनात. काचेच्या खोलीतले लोक उठून उभे राहिले, तेव्हा वाकले. वाचलं. मग म्हणाले की घाईत राहून गेलं असेल. मी म्हटलं, असेल, माझ्याकडूनही रिंग राहून गेली होती. पण माझी चूक साऱ्या बिल्डिंगसमोर अंगणात वाहिली आणि मी ती स्वतः पुसली. तुमच्या चुकीवर तुम्ही शिक्का मारलात.

बिल बदलून घेतलं. नवा फिल्टर त्यांनी माझ्यासमोर बसवला. जुनी रिंग निघाली का, तेही मी पुढे होऊन पाहिलं. कोणी अडवलं नाही.

आता ऐक. यापुढे मी गाडीखाली जाणार. तुला विकायची असेल तर खुशाल वीक, गिऱ्हाइकाला किल्ली मीच देईन. दुसरी घेईन, मोडकी का असेना, आणि तिच्याखाली जाईन. पण धमकी पुन्हा देऊ नकोस. मायेच्या माणसाने दिलेली धमकी फार लागते रे.

प्रकृतीला जप. लोभ तुझ्याकडे किती शिल्लक आहे ते तूच बघ.

तुझी,
ताई

---

दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत गाडीचे कागद आहेत. माझ्या सह्या केल्या आहेत. नव्या मालकाच्या रकान्यात तुझं नाव घातलंय. हे एकोणीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. माफ कर.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, तुझ्या भावजयीलाही नाही. तू परीक्षेला गेली होतीस, त्या दिवशी दिवा मी धरला होता. नऊ वर्षांचा होतो. बाबांनी नट सोडला आणि माझा हात हलला. त्यांना अंधारात दिसलं नाही आणि उकळतं ऑइल मनगटावर सांडलं. ते ओरडले नाहीत. दात आवळून मला घरात जा म्हणाले. नंतर त्यांची हाक आली की मला तोच वास यायचा, आणि मी गच्ची गाठायचो. बाबांच्या मनगटावरचा तो डाग मी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत बघत होतो. हेडमास्तरांनी तुझे पाय दिसले म्हटल्यावर मला तो डाग दिसला. गॅरेजवर माझा विश्वास होता असं नाही. तू खाली नसावीस, एवढंच होतं.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
बापू

---

दि. २ मार्च

चि. बापूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

कागद मिळाले. कपाटात ठेवले आणि मग बराच वेळ रडले. पन्नास वर्षं मी तुला कामचुकार समजत आले रे!

परीक्षेहून आले तेव्हा बाबा मोरीत मनगटावर पाणी ओतत बसले होते. त्यांना पट्टी मी बांधली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं ड्रेसिंग. तेव्हा ते काय म्हणाले, ते मला शब्द न् शब्द आठवतं. पोराचा काही दोष नाही, गाडी आत्ताच फिरून आली होती, मी थांबायला हवं होतं. दिवा हलला, एवढंही ते म्हणाले नाहीत. तुला हे सांगायला हवं, हे मला कधी सुचलंच नाही, कारण तू ते मनात धरून बसलायस हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा गाडी बंद करून आधी एक कप चहा प्यायला लागले. मी पिते तो चहा हाच, बापू.

गाडी आता माझी आहे, तेव्हा हुकूम करते. ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी ऑइल बदलायचं आहे. तू यायचंस. आधी दोघं चहा पिऊ, सावकाश. मग मी खाली जाईन, आणि दिवा तू धरायचा. हात थरथरला तर थरथरू दे.

लोभ असावा. उजेड नटावर असावा, माझ्या तोंडावर नको.

तुझी,
ताई