गावाची भांडी आणि माझा प्रोग्राम

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. आज फार कंटाळलोय म्हणून लिहायला बसलो. मी एक प्रोग्राम लिहिलाय. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तो आताच्या कॉम्प्युटरवर वाचता येईल असा करून देतो. फुकट आहे, आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांना उघडा आहे. कोणीही तो बघावा, चूक सापडली तर दुरुस्त करून मला पाठवावी, मी तपासून आत घ्यावी, असा रिवाज. वापरणारे पुष्कळ, पण येतात त्या तक्रारी. कुठे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि लगेच मला दटावणारी मेल येते. कामावरून आलं की रोज हेच. पार विटलोय.

टेंभुर्णीत गावजेवणाची भांडी आपल्याकडे असायची. लोक लग्नाला, तेराव्याला न्यायचे आणि खरकटी आणून टाकायचे. तू राखेनं घासत बसायचीस आणि अख्ख्या गावाचा उद्धार करायचीस. मी कॉलेजच्या सुट्टीत जालन्याहून आलो होतो, तेव्हा शेजारची सून आली. म्हणाली, आत्याबाई, तुमचे गुडघे दुखून राह्यले, हे आता मी बघते. दोन पराती तिनं लख्ख घासून दाखवल्या. तू त्याच पुन्हा घासायला घेतल्यास.

"तुला न्हाई जमायचं, पोरी. कडा तशाच राह्यल्या."

कडा स्वच्छ होत्या. मी तसं म्हणालो तर मलाच गप्प बसवलंस. ती पुन्हा आली नाही. तू गेल्यावर भांडी देवळाच्या खोलीत पडली, कोणतं झाकण कशाचं हे कोणालाच सांगता येईना. आता मंडपवाल्याची भांडी येतात. याबद्दल मला तुझा फार राग आहे.

मागच्या महिन्यात नागपूरच्या एका शिक्षिकेनं वेलांटीची दुरुस्ती करून पाठवली. थकला असाल तर पुढचं मी सांभाळू का, असंही विचारलं. मी कळवलं, कोडची मांडणी बरोबर नाही, पुन्हा पाठवा. तिनं पाठवली. मी आणखी काहीतरी खुसपट काढलं. काल तिनं लिहिलं, राहू द्या. आणि कोणी मदतीला येत नाही म्हणून मी चारचौघांत रडतोच आहे.

तिची दुरुस्ती मी पहिल्याच दिवशी चालवून पाहिली होती, माय. माझ्यापेक्षा चांगली होती. हे तिला लिहायला हवं, आणि मी तुला लिहीत बसलोय.