पुलाखाली ऐकू गेलं पाहिजे

३ नोव्हें.
अण्णांची पिंगळीची गाडी परत चुकली. ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला. सूचना झाली, पण स्टेशनच्या पुलाखाली अण्णांना नुसता कल्ला ऐकू आला. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, सगळी भिस्त कानावर. तिकडं त्यांच्याकडं भजन शिकणारे वाट बघून घरी गेले. "पोरी, आता एकट्यानं जाणं जमणार न्हाई मला," म्हणाले. स्टेशनातले ते कर्णे मीच बसवलेत. काय तोंडानं बोलू त्यांच्याशी!

५ नोव्हें.
स्टेशनचे साहेब म्हणे आवाज वाढव. वाढवला. पुलाखालचे समोरासमोरचे दोन कर्णे आणखीच एकमेकांवर ओरडायलेत. आवाज कमी पाहिजे, स्पीकर जास्त पाहिजेत, हे तिसऱ्यांदा सांगितलं. तर म्हणे, चाचणीत पास झालंय ना, मग?
झालंय खरं. चाचणी मीच घेतली होती. दहा खांबांपाशी दहा माणसं, हातात कागद, ऐकलं ते लिहा. दहाही बरोबर. खाली माझीच सही.

६ नोव्हें.
सकाळी भाकरी थापता थापता एकदम लक्षात आलं. ती दहा माणसं कोण होती? हमाल, झाडूवाल्या मावशी, चहाचे रफिकभाई. जन्म गेला त्यांचा स्टेशनात! रफिकभाईंना जाऊन विचारलं. हसले. "ताई, टाइम झाला की सूचना आपसूक तोंडात येती. आमी लिहून टाकलं."
माझी अक्कल चरायला गेली होती. दुसरं काय.

८ नोव्हें.
परत चाचणी. तीच माणसं, तेच खांब. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात माइकवर बाजाराची यादी वाचली. पाव किलो दोडके, अंबाडीची जुडी, शेंगदाणे. प्रवासी लय हसले. पुलाखालच्या तिघांपैकी दोघांचे कागद कोरे. मावशींनी तेवढं इमानदारीत लिहिलं, काईच कळंना.
कागद साहेबांपुढं ठेवले. पहिली चाचणी चुकली, चूक माझी, सही मागं घेते म्हटलं. लालबुंद झाले. शेवटी पाच दिवस दिले. पुलाखाली करून दाखव, नाहीतर दुसरा माणूस बघतो.
बघू देत. मी करणार.

११ नोव्हें.
दोन्ही कर्णे उतरवले. आठ छोटे स्पीकर लावले, डोक्याच्या हातभर वर. आवाज निम्म्यावर आणला. रफिकभाईंनी दुकान सोडून शिडी धरली. खांदे भरून आलेत. साहेबांना हा आवाज फार बारीक वाटतोय. वाद घातला नाही.

१२ नोव्हें.
अण्णांना सगळं सांगून टाकलं, सहीसकट. रागावतील वाटलं होतं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या जातो मी पिंगळीला. तू संग यायचं न्हाई."
भ्या वाटायलंय.

१३ नोव्हें.
अण्णा प्लॅ. ३ ला, पुलाखालच्या बाकावर. मी माइकच्या खोलीत, मागं साहेब. आत्ताच फोन आला, पिंगळीची गाडी आज तीनऐवजी एकवर. सूचना झाली, एकदाच. खिडकीतून पुलाच्या पायऱ्या दिसतात, बाक दिसत नाही. पायऱ्या अण्णांना पाठ आहेत, फक्त उठायला पाहिजे.
साहेब हळूच म्हणाले, "जा, बघून ये." नाही म्हटलं.
गाडीला सात मिनिटं आहेत. पायऱ्यांवर अजून कुणी नाही. लिहीत बसलेय, नाहीतर पाय पळत सुटतील.