बिनकेसांचं बी

प्रिय चिंगे,

तुझा लेख परत आल्याचं मागच्या आठवड्यात आईने सांगितलं. फोनवर मी 'अरेरे' म्हटलं, पण त्याआधी क्षणभर मला बरं वाटलं होतं. हो, बरं वाटलं. आज काही लपवायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

उताराच्या कडेचं ते पिवळं रानफूल तुझ्याआधी मी पाहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी. कडेच्या पाकळ्या मोजल्या, तेरा भरल्या, आणि नेहमीचंच म्हणून आमच्या वनस्पती-संग्रहालयातल्या कागदावर डकवून मोकळी झाले. त्यातली एकेक पाकळी म्हणजे एक वेगळं फूल आणि मधलं बटण म्हणजे साठेक फुलांची दाटी, हे तुला मीच शिकवलं ना, ओट्यावर बसवून, टाचणीने एकेक उपटून? आणि तू काय केलंस? फूल वाळेपर्यंत पाच आठवडे थांबलीस आणि बी भिंगाखाली धरलंस. नेहमीच्या बीला डोक्यावर केसांचा झुबका असतो, वाऱ्यावर उडायला. तुझ्या बीला एक केस नाही. एवढ्याशा टकलावर म्हणे नवी जात! माझा नुसता तिळपापड झाला. बाबा तर येईल-जाईल त्याला सांगत सुटले, धाकटीने फूल शोधलं. आणि थोरली काय करते? थोरली डिंक लावते.

तुझा लेख तपासायला परीक्षक संग्रहालयात आले तेव्हा तू आमच्याकडे ठेवलेला नमुना मीच त्यांच्यापुढे ठेवला. पिकलेल्या बियांची कागदी पुडी कोपऱ्यात डकवलेली असते, ती तुझ्या कागदावर नव्हती. बिया नाहीत म्हणजे पुरावा नाही, असं लिहून ते गेले. उतार तर रस्त्यासाठी कापून टाकलाय, दुसऱ्या बिया आणणार कुठून? त्यावर तुझं पत्र आलं, की ताई, पुडी लावायला मीच विसरले असेन, तुझी मेहनत फुकट घालवली, माफ कर. तू माझी माफी मागितलीस.

चिंगे, पुडी तू लावली होतीस. परीक्षक यायच्या सकाळी, शिपाई खिडक्या पुसत होता तेव्हा, मी ती पातळ सुरीने सोडवली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. काल साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सगळं सहीनिशी लिहून दिलं. त्यांनी कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या. परीक्षक सोमवारी पुन्हा येणार आहेत. हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायच्या आत मी सांगायला हवं, म्हणून लिहिलं. हेवा गेला असं मात्र समजू नकोस. तुझ्या फुलाला नाव मिळेल त्या दिवशीही माझ्या पोटात दुखणारच. पण त्या दिवशी फोन तू करू नकोस. मी करेन.

चुकलेली, तरी तुझीच,
ताई