दाढेचे पथ्य संपल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शांताबा धर्मादाय दंत रुग्णालय,
सुरत.

अर्जदार : सौ. सरलाबाई छगन सैंदाणे, रा. उधना, सुरत.

विषय : पतीच्या अक्कलदाढेनंतरचे पथ्य नेमके कोणते व ते कधी संपते, हे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या डॉक्टरसाहेबांनी मला बाहेर बाकावर बसवून पतीस आत दिलेल्या तोंडी सूचना.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, माझे पती श्री. छगन सैंदाणे (लूम कारागीर) यांची अक्कलदाढ आपल्या रुग्णालयात नाताळच्या सुमारास काढण्यात आली. काम उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. अर्ज मराठीत केल्याबद्दल क्षमस्व. बचत गटाचे अर्ज मी गुजरातीत लिहिते, परंतु नवऱ्याची तक्रार मातृभाषेतच नीट करता येते. आपल्याकडील मानसी सिस्टर धुळ्याच्या आहेत, त्या वाचून दाखवतील.

१. घरी आल्यावर पतीने सांगितले की, कापूस दाबून धरायचा, थुंकायचे नाही, चूळ दुसऱ्या दिवसापासून भरायची आणि आईस्क्रीम खायचे. हे मला पटले व मी आईस्क्रीम आणले. आपण छापील कागदही दिला होता असे कळते, पण तो शर्टाच्या खिशात राहून धुतला गेला. तो शर्ट त्यांनी स्वतः धुतला. लग्न झाल्यापासून त्यांनी धुतलेला हा पहिला शर्ट आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

२. त्यानंतर आपल्या सूचनांना फांद्या फुटू लागल्या. गॅसची बाटली उचलायची नाही. दळण आणायचे नाही. वाकायचे नाही, म्हणजे खाली पडलेला टॉवेल मी उचलायचा. मेथीची भाजी चालत नाही, श्रीखंड चालते. मी शंका काढली की ते गालावर बोट ठेवतात आणि “डाक्टरनी सांगेल शे” एवढेच म्हणतात. माझ्या सासूबाई धुरपदाबाई मुलाच्या बाजूने आहेत. मुलाला एकट्याला खायला लाज वाटू नये म्हणून त्याही रोज आईस्क्रीम खातात. त्यांच्या तोंडात काढण्यासारखा एकही दात उरलेला नाही.

३. उत्तरायणाच्या दिवशी मात्र शेजारच्या किसनभाऊंचा पतंग कापल्यावर पतीने अगाशीवरून “काप्यो छे” अशी आरोळी ठोकली, ती सगळ्या गल्लीने ऐकली. त्या तोंडाला टाके होते असे कोणी म्हणणार नाही. याविषयी विचारले असता, ओरडायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, बोलायला केली आहे, असे उत्तर मिळाले. हे खरे आहे काय, ते कळवावे.

४. इथपर्यंत मी सोसले असते. परंतु आमची मुलगी श्वेता हिला हजीऱ्याच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या निखिलचे स्थळ आले आहे. मुलगा चांगला आहे, श्वेताला पसंत आहे, आणि उधन्याहून हजीरा काही परमुलूख नाही. आमच्या खानदेशात मुलीच्या बापाने चारचौघांत तोंडाने “हो” म्हणून सुपारी फोडायची व तुकडा तोंडात टाकायचा, तेव्हा सोयरीक पक्की होते. मध्यस्थ हिलालमामा दोनदा माणसे घेऊन आले. दोन्ही वेळा पतीने सुपारीकडे पाहिले, गालावर बोट ठेवले आणि “डाक्टरनी सांगेल शे, कडक काही खावानं नही” म्हणून पाहुण्यांना चहा दिला. आईने होकार दिला तर चालेल का, असे मी विचारले. मामा म्हणाले, रीत नाही. मुलाकडचे भले लोक आहेत, पण होळीच्या आत सुपारी फुटली नाही तर दुसरीकडे बघू, असा त्यांनी निरोप धाडला आहे. श्वेता बापाच्या दाढेला काही बोलत नाही, पण दोन दिवस धड जेवलेली नाही.

५. गेल्या रविवारी मी भाजी घेऊन लवकर परतले. पती व श्वेता आतल्या खोलीत बसून फुटाणे खात होते. कडकड आवाज दारापर्यंत येत होता. रंगेहाथ पकडावे म्हणून मी दबकत पुढे झाले, तेव्हा ते पोरीला म्हणत होते, “तुनी सुपारी फुटनी का मंग घरमा बोलाले कोन शे माले?” मी घरात असते, ही गोष्ट आपल्या माहितीसाठी नमूद करते. मला राग आला, आणि महोदय, खोटे कशाला लिहू, रडूही आले. मी पिशवी घेऊन तशीच जिना उतरले आणि पुन्हा कोथिंबीर घेऊन आले. घरात कोथिंबीर होती.

तरी माझी विनंती अशी की, श्री. छगन सैंदाणे यांची दाढ पूर्ण बरी झाली आहे, त्यांनी दळण आणण्यास, टॉवेल उचलण्यास व चारचौघांत एक शब्द बोलण्यास वैद्यकीय हरकत नाही, असा दाखला रुग्णालयाच्या शिक्क्यासह द्यावा. एका शब्दाने जबड्यावर किती ताण येतो, तेही लिहावे. सुपारी कडक वाटल्यास आम्ही चिकणी आणू. नमुन्यादाखल एक सोबत जोडली आहे.

आणि शक्य असल्यास पतीस आपण स्वतः बोलावून हे सांगावे. माझ्याकडून सांगणे होणार नाही. तीनदा तोंड उघडले, तिन्ही वेळा भाजीला काय करू, एवढेच विचारून परत फिरले. चौथ्यांदा सांगायला गेले तर मीच आधी रडेन, मग ते रडतील, आणि पोरीला “हो” म्हणायला आमच्या घरात कोणी उरणार नाही.

दाखल्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,

सौ. सरलाबाई छगन सैंदाणे

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२६
स्थळ : उधना, सुरत

सोबत : केसपेपरची झेरॉक्स व वर लिहिल्याप्रमाणे.