कुरणाचा सर्वांगीण विकास

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाने नोंदी ठेवाव्यात.
तळ्याकाठच्या राखीव कुरणाचा लीज संपला. बाबांच्या वेळेपासून आमच्याच गाई तिथे चरतात, म्हणजे कुरण आमचंच, सरकारचं नुसतं नाव. आता म्हणे नव्याने अर्ज, सुनावणी, मग वाटप. चराई आणि चहाची टपरी, दोन्ही एकाच लीजमध्ये. कुणी मध्ये तडमडू नये.
बायको म्हणाली, लीज गेला तर गाई विकाव्या लागतील, जरा मनावर घ्या. म्हटलं, घेतलंच आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

४ मार्च, सकाळी साडेनऊ
उठलो. अर्जासोबत अटींचा गठ्ठा आलाय. चष्मा सापडत नाही. बायको मोठ्याने वाचायला लागली, मी थांबवलं. अटी सगळीकडे सारख्याच. भाडं भरा, कचरा करू नका.

७ मार्च
कुरण पाहून आलो. काय ती अवकळा! गवत गुडघाभर, वाट्टेल तिथे उगवलेलं. काठावर चिखल. पाखरं फुकटात राहतात आणि वर माणसावरच ओरडतात. एक टिटवी थेट डोक्यावर झेपावली. लीज हातात येऊ दे, मग बघतो तिच्याकडे.
विकास आराखडा तयार (सध्या डोक्यात). सिमेंटचा रस्ता, तारेचं कुंपण, गवत मशीनने सपाट, तळ्यात पायडलच्या बोटी, मधोमध रंगीत कारंजं. टपरीचं हॉटेल. फाटकावर माझा फोटो.

११ मार्च
मेव्हणा राहायला आलाय. तसा कायमच असतो, मधूनमधून गेल्यासारखं करतो. मी त्याला आयतोबा म्हणतो. दिवसभर व्हरांड्यात आडवा. काल मांजर त्याच्या पोटावर झोपलं, तर ते उठेपर्यंत हा जेवायला आला नाही. बायकोला याचंही कौतुक! खायला काळ आणि भुईला भार.

१९ मार्च
आराखडा कागदावर उतरला. उशीर झाला, कारण पट्टी सापडत नव्हती. स्वतः जाऊन राखीव जमिनींच्या ऑफिसातल्या मॅडमना दिला. त्या गप्पपणे वाचत होत्या. कारंज्यापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायल्या. भारावल्या असणार. विचारलं, हे सगळं तुम्ही खरंच करणार? म्हटलं, मॅडम, शब्द आहे माझा. त्यांनी तेही लिहून घेतलं.

२२ मार्च
लीज मिळणारच आहे, मग वेळ का दवडायचा? कारंज्याचा खड्डा खणायला घेतला. आयुष्यात इतका घाम गाळला नव्हता. आयतोबा कधी नव्हे तो बघायला आला आणि सावलीत बसला. म्हणाला, भाऊजी, अटी वाचल्यात का? मी म्हटलं, तुला कामातलं काय कळतं? तो म्हणाला, कामातलं नाही कळत. आणि झोपला.

२३ मार्च
कंबर धरली. खड्डा पुरेसा आहे.

२८ मार्च
विश्वासघात!! आयतोबानेही अर्ज केलाय! बहिणीने भरून दिला, त्याने नुसती सही केली, तीही पडल्या पडल्या. घरातच अस्तनीतले निखारे. बायकोला जाब विचारला. ती धार काढत होती. मानही वर न करता म्हणाली, गाई माझ्या जातील, तुमचं काय जातंय? संतापाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

२९ मार्च
निनावी तक्रार केली. घरचा असला म्हणून काय झालं, देशहित आधी. लिहिलं: हा इसम जन्माचा आळशी आहे. इकडची काडी तिकडे करणार नाही. गवताला हात लावणार नाही, कुंपण घालणार नाही, साधा खिळा ठोकणार नाही. कुरण याला दिलंत तर जन्मभर जसंच्या तसं पडून राहील! खाली: एक त्रस्त नागरिक. अक्षर मुद्दाम वळणदार काढलं, म्हणजे वजन पडतं. बेट्याचा काटा निघाला.

५ एप्रिल, सुनावणीनंतर
लिहवत नाही. तरी लिहितो.
मॅडमनी अटी मोठ्याने वाचल्या. पहिलीच अट: जमीन आहे तशी राहिली पाहिजे. जो कमीत कमी ढवळाढवळ करेल, त्याला लीज. गाई मोजक्याच, आणि पाखरांची पिल्लं उडेपर्यंत काठाकडे त्याही नाहीत. टपरी आहे तेवढीच. हे आधी सांगायला काय झालं होतं?
मग माझा आराखडा वाचला. लोक हसले. मत्सर, दुसरं काय! मग खड्ड्याचा फोटो दाखवला. तेव्हा कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.
मग म्हणाल्या, दुसऱ्या अर्जदारासाठी एका नागरिकाने आपणहून इतकं उत्तम प्रशस्तिपत्र पाठवलंय, की असं आजवर पाहिलं नव्हतं. आणि माझी तक्रार वाचली. शब्द न् शब्द. आयतोबाला विचारलं, हे खरं आहे का? तो जांभई आवरत म्हणाला, हो, सगळं खरं आहे. बायको शेजारी बसून डोळे पुसत होती.
लीज आयतोबाला. मला आदेश: खड्डा स्वतः, हाताने, मशीन न लावता बुजवावा.

६ एप्रिल
अपील करणार. वरपर्यंत जाणार. सगळ्यांना कोर्टात खेचणार, टिटवीसकट.

९ एप्रिल
अपिलाच्याही अटी आहेत. वीस पानं. चष्मा अजून सापडलेला नाही.

१४ एप्रिल, दुपार
खड्डा बुजवतोय. अख्ख्या कुरणात काम करणारा माणूस एकच, मी. खणलेली माती अर्धीच परत खड्ड्यात जाते, उरलेली कुठे गेली कळत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालतेय. आयतोबा झाडाखाली आडवा. म्हणाला, माती हळू टाका, भाऊजी, अंडी आहेत पलीकडे.
बायको गाई घेऊन आली. एकही विकावी लागली नाही, हे तिने मला दोनदा ऐकवलं. भावाला चहा दिला. उरलेला मला. न राहवून विचारलं, माझ्यात काय कमी होतं? ती म्हणाली, त्याला निदान नीट पडून राहता येतं. तुम्हाला काम जमत नाही आणि पडून राहणंही जमत नाही.
उरलेला चहा संपवला.
मग आयतोबाने कागद पुढे केला. दर महिन्याला ऑफिसला अहवाल लागतो. म्हणाला, तुम्हीच लिहा, मॅडमना तुमचं अक्षर फार आवडलं. आराखड्यातलं आणि तक्रारीतलं. मी मुकाट्याने लिहिलं: या महिन्यात काहीही केले नाही. त्याने पडल्या पडल्या सही केली.
कंबर मोडून आली होती. झाडाखाली भरपूर सावली होती. म्हटलं, क्षणभर टेकावं. पाठ टेकवतोय तोच आयतोबा डोळे न उघडता म्हणाला, तुमचं नाव लीजमध्ये फक्त खड्ड्यापुरतं आहे, भाऊजी.