सगळ्यांमध्ये आई

८ मार्च

चि. बंडीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईची डावी बाजू अजून हलत नाही. बोलणं बोबडं झालंय, पण माझ्या चहाला नावं ठेवण्यापुरतं स्पष्ट आहे. महिनाभर रजा काढ म्हटलं, तर साथ ऐन भरात आहे, तंबूतल्या दवाखान्यात दुसरं कोणी नाही, असं तू कळवलंस. जगातली सगळी माणसं आपलीच, हे तुझ्या तोंडून शाळेपासून ऐकतोय आणि मला ते पटतंही. फक्त त्या सगळ्यांत तुझी आई धरली आहेस ना? रांग असेल तर तिचा नंबर कळव, आम्ही थांबतो.

शुश्रूषेला एक परदेशी बाई ठेवल्या आहेत. आपली भाषा जेमतेम येते, पण हात हलका आहे. आई त्यांना बंडी म्हणते. त्याही ओ देतात. ते ऐकलं की मी उठून बाल्कनीत जातो.

राग आहे, म्हणजे माया आहेच.

तुझे बाबा

२० मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

नंबराचं वाचलं आणि पुढच्या ओळी काही वेळ दिसेनात. इथे आम्ही दोघंच डॉक्टर, त्यातला एक तापाने आडवा झालाय. सलाईन लावायची मीच, बदलायचीही मीच. ही मुलं मला परकी वाटत नाहीत, खरंच सांगते. पण काल एका म्हातारीचे केस सारखे करताना मनात आलं, आईचे कोण विंचरत असेल? त्या बाईंचा हेवा वाटला, मग स्वतःचीच लाज. त्यांच्या घरी कोण असतं? विचाराल का?

रागावलात तरी लिहीत राहा.

बंडी

४ एप्रिल

चि. बंडीस आशीर्वाद.

विचारलं. त्यांची चार वर्षांची मुलगी तिकडे त्यांच्या देशात मावशीकडे असते, आणि सध्या इस्पितळात आहे. आम्हाला सोडून कसं जायचं म्हणून बाई बोलल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात नळ सोडून रडायच्या. हे कळल्यावर माझ्या मनात पहिलं काय यावं? आईची कूस आता कोण बदलणार! दोन दिवस मी गप्प बसलो. तू परक्यांसाठी थांबलीस म्हणून तुझ्यावर डाफरलो, आणि इकडे मी दुसऱ्या लेकराची आई अडवून बसलो होतो. शेवटी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही जा." त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

आता मीच करतो. काल उठवताना आई हातून निसटली, कपाळाला खोक पडली. दिवसभर बंडीला हाका मारते आहे. त्यातली कोणती बंडी, मला कळत नाही. तू ये, असं मी लिहीत नाही.

जपून राहा.

बाबा

१६ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न.

मंगळवारी निघते. आजारी डॉक्टर काठी टेकत उठला आणि जा म्हणाला. त्याचा हात अजून थरथरतो, लहान मुलांची शीर त्याला सापडत नाही. मी जाणार हे दुभाष्याने म्हातारीला सांगितलं, तेव्हा तिने फक्त आईचं वय विचारलं. एकदा सगळ्या खाटांवरून फिरून आले. परत येईन तेव्हा यातली कोणती रिकामी असेल, हे मनात आणायचं नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक खाटेपाशी तेच आलं.

आई ओळखो न ओळखो, तिचं सगळं करीन. तुम्ही दार उघडाल तेव्हा हवं ते बोला, रागवा. फक्त बरं केलंस, असं म्हणू नका.

तुमचीच,
बंडी