करकोचा आणि रीस्टार्ट

सोमवार, ४ मार्च
घरचा कॉम्प्युटर आजही मध्येच बंद पडला. बायको करकोच्याचं प्रकरण लिहीत होती. करकोच्याने पाण्यात एक पाय टाकला आणि स्क्रीन काळी.

पक्ष्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकाचा ती अनुवाद करतेय. कव्हरवर तिचं नाव येणार, पहिल्यांदाच. २२ तारखेला द्यायचंय. उशीर झाला तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं प्रकाशकबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलंय.

ती म्हणाली, धाकटीला बोलावते. धाकटी म्हणजे माझी मेव्हणी, कॉम्प्युटर इंजिनिअर. मी म्हटलं, मी असताना बाहेरचं माणूस कशाला? ऑफिसातला प्रिंटर कोण चालू करतं? मीच. (बटण माझ्या टेबलाशेजारी आहे, ही गोष्ट वेगळी.)
संकल्प: उद्या विषय संपवायचा.

मंगळवार, ५ मार्च
निदान झालं. व्हायरस. अँटीव्हायरस टाकला. खात्री असावी म्हणून आणखी एक टाकला. आता दुसरा पहिल्याला व्हायरस समजतो आणि पहिला दुसऱ्याला. त्यांच्या भांडणात कॉम्प्युटर इतका मंदावलाय की बंद पडायलाही वेळ लावतो. प्रगती म्हणायची.

गुरुवार, ७ मार्च, सकाळ
व्हायरस नव्हताच. मला आधीपासून शंका होती. दोष विजेचा. फ्रिज सुरू झाला की कॉम्प्युटरला झटका बसत असणार. नियम: ती लिहीत असेल तोवर फ्रिज बंद.

संध्याकाळ
दूध नासलं. कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडलाच. बाबांनी कोरा चहा प्यायला आणि कुणाकडेही न बघता विचारलं, "उद्या काय बंद करणार आहेस?" बाबांना विज्ञानाची आवड नाही.

शुक्रवार, ८ मार्च
नवा विचार. बायको फार भरभर टाइप करते. मशीनला धाप लागत असणार. तिला म्हटलं, जरा दमाने घे. ती आणखी जोरात टाइप करायला लागली.
संकल्प: हा विषय पुन्हा काढायचा नाही.

रविवार, १० मार्च
दुपारी कॉम्प्युटरचा डबाच उघडला. वायरी काढण्याआधी त्यांचा फोटो घेऊन ठेवला. पद्धतशीर माणूस असंच करतो. फोटोत माझा अंगठा आलाय. फार सुरेख आलाय, रेष न् रेष दिसते. वायरी मात्र अंदाजाने जोडाव्या लागल्या. कॉम्प्युटर चालू होतो, फक्त मुका झालाय. बायको म्हणाली, "आवाज गेला खड्ड्यात. करकोचा कुठाय?" करकोचा सुखरूप.

हल्ली ती ऊठसूट बहिणीकडे जाते. मन रमत असेल. मलाही काम करायला निवांतपणा मिळतो.

बुधवार, १३ मार्च
अर्धी रजा टाकली. मोठा निर्णय: सगळं पुसून नव्याने टाकायचं. बायको आंघोळीला गेली होती. दाराबाहेरून ओरडून विचारलं, तुझ्या फायली दुसरीकडे ठेवल्यास ना? आतून "हो" आलं. कामाला लागलो. स्क्रीन आरशासारखी लख्ख.

ती बाहेर आली. म्हणाली, "मी 'हो' नाही, 'ओ' म्हटलं. नळ चालू होता. तू काय विचारतोयस, ऐकूच येत नव्हतं."

मग ती खुर्चीत बसली. ओरडली नाही. त्या लख्ख स्क्रीनकडे बघत राहिली. मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही.

मग तिने धाकटीला फोन लावला. रविवारपर्यंतचं सगळं ती धाकटीकडे ठेवून आली होती. म्हणजे करकोचा वाचला. गेल्या दोन दिवसांत लिहिलेलं घुबड गेलं. सगळ्या पुस्तकात तिला घुबडच सर्वात जास्त आवडलं होतं, हे मला आज कळलं. पुस्तक पूर्ण होईपर्यंत तिकडेच राहते, म्हणाली आणि बॅग भरून गेली.

आज संकल्प नाही.

गुरुवार, १४ मार्च
घर फार शांत. कॉम्प्युटर बंद पडत नाही, कारण चालूच केला नाही. बाबा आणि मी समोरासमोर बसून जेवलो. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, १६ मार्च
धाकटी आली. एकटीच. डब्याला हात लावला, म्हणाली, "जिजाजी, हा तापतोय." उघडला. आतला पंखा धुळीने गच्च भरलेला. गरम झालं की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं म्हणे. तिने ब्रशने धूळ काढली. मांजराच्या पिल्लाएवढा गोळा निघाला. मी तिला सांगितलं की धुळीचा मुद्दा माझ्या डोक्यात होताच, पुढच्या आठवड्यासाठी ठेवला होता. ती "हो का?" म्हणाली. जाताना आवाजही दुरुस्त करून गेली.

मी विचारलं, ताई कशी आहे? म्हणाली, "घुबड परत लिहितेय."

शुक्रवार, २२ मार्च
पुस्तक वेळेवर गेलं! ती संध्याकाळी घरी आली. मी घर झाडून ठेवलं होतं. दूध ताजं होतं. ती फोनवर बहिणीला सांगत होती, दुसऱ्यांदा लिहिलेलं घुबड पहिल्यापेक्षा कितीतरी छान झालं. याचं श्रेय कुणाला, ते मी काही बोललो नाही. मोठेपणा यालाच म्हणतात.

शनिवार, ३० मार्च
प्रकाशकबाईंना अनुवाद आवडला. आता शेवटची तपासणी, स्क्रीनवर. कुणीतरी मोठ्याने वाचलं की चुका कानाला कळतात, असं बायकोचं म्हणणं. तिने मला विचारलं! तांत्रिक कामात अखेर माझी गरज लागलीच.

सकाळपासून बसलोय. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. घुबडाचं प्रकरण खरोखरच छान आहे. त्यातला एक परिच्छेद मी न सांगता दोनदा वाचला, ती हसली.

अट एकच. हात मांडीवर ठेवायचे. पान सरकवायचं असेल तर तोंडाने "पुढे" म्हणायचं, मग ती माउस हलवणार.

दिवसभर "पुढे" म्हणालो. एकदा सवयीने हात उचलला गेला. तिने माउस उचलून पलीकडे ठेवला.